घरी घडवलेली बुगाटी

सुट्टीच्या दिवशी कोणी बागकाम करतो, कोणी पत्त्यांचा डाव मांडतो. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत मात्र काही लोक असे आहेत, की जे फुरसत मिळताच घरामागच्या गॅरेजमध्ये शिरतात आणि शंभर वर्षांपूर्वीची शर्यतीची मोटार नव्याने घडवायला बसतात. कपाटात मांडून ठेवायची खेळण्यातली मोटार नव्हे, बरं का! पूर्ण मापाची, पेट्रोलवर धावणारी, हँडल फिरवले की गरजून उठणारी मोटार. एकेका मोटारीपायी कित्येक वर्षांच्या संध्याकाळी खर्ची पडतात.

तुम्ही म्हणाल, बाजारात इतक्या तयार मोटारी मिळत असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्याआधी हे काम चालते कसे, ते आपण पाहू. त्यासाठी एकच मोटार डोळ्यांपुढे ठेवू या. तिचे नाव बुगाटी, टाइप ३५.

एत्तोरे बुगाटी हा मूळचा इटलीतल्या मिलान शहरचा. त्याचा जन्म १८८१ सालचा. बाप लाकडी सामानाचा नामांकित कारागीर, धाकटा भाऊ रेम्ब्रांट जनावरांचे पुतळे घडवणारा शिल्पकार. अशा घरातला हा मुलगा यंत्रांकडे वळला आणि अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावी त्याने मोटारींचा कारखाना काढला. टाइप ३५ ही त्याची मोटार ३ ऑगस्ट १९२४ रोजी फ्रान्समधल्या लियाँच्या ग्रां प्री शर्यतीत प्रथम उतरली. पाच मोटारी उतरल्या आणि टायरांनी दगा दिल्यामुळे त्यांतल्या सर्वांत पुढच्या मोटारीला सातवा क्रमांक मिळाला. शर्यत जिंकली ती कांपारीने, अल्फा रोमिओच्या मोटारीत.

सुरुवात ही अशी. परंतु पुढच्याच वर्षी, १९२५ साली, सिसिली बेटावरची तार्गा फ्लोरिओ ही डोंगरी रस्त्यांवरची अवघड शर्यत बुगाटीने जिंकली आणि १९२९ पर्यंत ओळीने पाच वर्षे ती हातची जाऊ दिली नाही. १९२९ सालीच मोनॅकोची पहिली ग्रां प्री भरली, तीही याच जातीच्या मोटारीने जिंकली. आणखी एक गोष्ट अशी, की ही मोटार केवळ कारखान्याच्या पगारी शर्यतपटूंसाठी नव्हती. ज्याच्यापाशी पैसा आणि हिंमत होती, त्याला ती विकतही मिळत असे.

आज मूळ टाइप ३५ घ्यायची म्हटली तर किंमत कोटींच्या घरात जाते. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्याने ती संग्रहालयात दोरीच्या पलीकडून पाहावी, एवढेच. अर्जेंटिनात पाराना शहरी पुर सांग नावाचा कारखाना आहे. तेथे या मोटारीच्या नव्या प्रती हाताने तयार करतात. त्याही काही स्वस्त नाहीत. मग ज्याच्या मनाने घेतले, त्याच्यापुढे एकच वाट उरते: स्वतः घडवणे.

आता पहिले काम कोणते? तुम्ही म्हणाल, पत्रा आणा, हातोडा आणा. नाही. पहिले काम म्हणजे एक प्रश्न सोडवणे. आपल्याला कोणत्या दिवसाची मोटार करायची आहे? हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण पाहा: १९२४ साली लियाँला उतरलेल्या मोटारीच्या इंजिनात आठ सिलिंडर एका ओळीत होते, प्रत्येकाचा व्यास ६० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८८ मिलिमीटर. हिशेब केला तर एकंदर १९९१ घनसेंटिमीटर भरतात. टाइप ३५ बी हा पुढचा प्रकार आला तेव्हा व्यास तोच राहिला, पण धाव १०० मिलिमीटर झाली, इंजिन २२६२ घनसेंटिमीटरचे झाले आणि सिलिंडरांत हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसला. बाहेरून या दोघी सख्ख्या बहिणी. पण एकीचे नाक आणि दुसरीचे कान घेऊन तिसरी केली, तर ती कोणाचीच प्रत होत नाही. शिवाय आज ज्या मूळ मोटारी शिल्लक आहेत, त्याही या शंभर वर्षांत धडकल्या आहेत, दुरुस्त झाल्या आहेत, मालकागणिक बदलल्या आहेत. एखाद्या मोटारीचे माप घेताना आपण बुगाटीचे माप घेत आहोत की १९५० साली कोण्या मिस्त्रीने ठोकून बसवलेल्या पट्टीचे, हे ओळखता आले पाहिजे.

म्हणून जाणता माणूस आराखड्यांकडे जातो. इंग्लंडात प्रेस्कॉट येथे बुगाटी ट्रस्ट म्हणून एक संस्था आहे. कारखान्यातले हजारो मूळ आराखडे आणि छायाचित्रे तिने जपून ठेवली आहेत. दोन चाकांच्या जोड्यांमधले अंतर २४०० मिलिमीटर, डाव्या-उजव्या चाकांमधले १२०० मिलिमीटर, म्हणजे बरोबर दुप्पट. अशी मापे कागदावर मांडली, की मोटार हळूहळू डोळ्यांसमोर उभी राहू लागते.

यापुढचा टप्पा ओतकामाचा. इंजिनाची पेटी, गिअरची पेटी, चाके हे सारे ॲल्युमिनियमचे ओतीव काम आहे. ते घरी होत नाही. ओतशाळेत पाठवावे लागते. पण ओतण्यासाठी लागणारा लाकडी नमुना घरी करता येतो आणि खरे कसब त्यातच आहे. वितळलेली धातू थंड होताना आकसते. ॲल्युमिनियम शेकडा सव्वा-दीडच्या दरम्यान आकसते, बीड शेकडा एकच्या आसपास. म्हणजे एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग हवा असेल, तर लाकडी नमुना एक सेंटिमीटरहून थोडा अधिक लांब करायचा. शिवाय लेथवर तासून जाणाऱ्या भागासाठी वेगळी जादा जाडी ठेवायची. नमुना करणाऱ्या सुतारांपाशी यासाठी खास पट्टी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर हा मुळातच किंचित मोठा असतो.

आता समजा, एखाद्याने आळस केला. लाकडी नमुना करीत बसण्याऐवजी कोणाकडून तरी मूळ भाग मागून आणला आणि तोच वाळूत दाबून साचा घेतला. काय होईल? जो भाग तयार होईल, तो मूळ भागाहून लहान असेल. त्या लहान भागावरून कोणी पुन्हा साचा घेतला, तर तिसरा आणखी लहान. भोके जुळणार नाहीत, दाते बसणार नाहीत. या छंदाचा पहिला धडा हाच आहे: प्रतीवरून प्रत काढली, की वस्तू आकसत जाते. मुळाशी जावे, माप मुळातून घ्यावे.

या मोटारीची चाके हा एक स्वतंत्र विषय आहे. त्या काळी शर्यतीच्या मोटारींना सायकलसारखी तारांची चाके असत. बुगाटीने आठ रुंद, चपट्या आऱ्यांचे ॲल्युमिनियमचे ओतीव चाक केले आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतून घेतला. वळणावळणाच्या रस्त्यावर ब्रेक तापतात. या आऱ्यांमधून वारा खेळतो आणि ड्रम निवतो. शिवाय चाक काढले, की ब्रेकच्या पट्ट्या आपोआप नजरेस पडतात. पाहणाऱ्याला हे चाक म्हणजे शोभा वाटते. करणाऱ्याला कळते, की ती शोभा कामातूनच निघाली आहे.

पुढच्या आसाचेही असेच आहे. दोन पुढची चाके ज्या दांड्यावर बसतात, तो बुगाटीने आतून पोकळ ठेवला. बरे, स्प्रिंगांचे पाटे या आसाला बाहेरून कसून बांधलेले नाहीत. आसालाच चौकोनी भोके आहेत आणि पाटे त्यांतून आरपार जातात. पोकळ दांडा, त्याची टोके मात्र बंद, वर ही भोके, आणि हे सगळे घडीव पोलादात! लोहाराची परीक्षा पाहणारे काम. तेव्हा मोह होतो, की आस भरीव करावा, वरून चकचकीत घासावा. बघणाऱ्याला काय कळणार? बघणाऱ्याला खरेच कळणार नाही. पण रस्त्याला कळते. स्प्रिंगेच्या खालचे वजन वाढले, की खड्ड्यावर चाक अधिक उसळते आणि जमीन सोडते. जमीन सोडलेल्या चाकाला ना वळवता येते, ना थांबवता येते. आस पोकळ का, याचे उत्तर भरीव आस बसवून पहिल्या वळणावर मिळवायचे, की आधीच समजून घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता इंजिनाकडे वळू. येथे पुष्कळ लोक वाट सोडतात. सांगाडा बुगाटीचा, अंगावर निळा रंग बुगाटीचा आणि पोटात एखाद्या साध्या मोटारीचे इंजिन. फिरायला जाण्यापुरती अशी मोटार छान असते; तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ती बुगाटीसारखी दिसणारी मोटार झाली, बुगाटीची प्रतिकृती झाली नाही. मुळाबरहुकूम करायचे म्हटले तर इंजिनाचा क्रँकशाफ्ट आपली झोप उडवतो.

साध्या इंजिनात क्रँकशाफ्ट एकसंध असतो आणि कनेक्टिंग रॉडचे टोक दोन भागांत उघडून त्याच्याभोवती आवळतात. बुगाटीने याच्या उलट केले. रॉड एकसंध ठेवले आणि क्रँकशाफ्टच तुकड्यातुकड्यांनी जोडला. का? त्याला रॉडच्या टोकांत रोलर बेअरिंग बसवायचे होते. रोलर ज्या कड्यात फिरतात, त्या कड्याला सांधा असला की घात होतो. म्हणून कडे अखंड आणि मग शाफ्ट सुटा. आता असा सुटा शाफ्ट पाचरी ठोकून जोडताना सगळे तुकडे एका रेषेत आले पाहिजेत. येथे केसाची जाडी हेही ढोबळ माप ठरते. हे काम बहुतेक जण अनुभवी कारखान्याकडे सोपवतात आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. मोल्सहाइमच्या कारखान्यातही ओतणारा वेगळा होता, तासणारा वेगळा आणि जोडणारा वेगळा.

याच इंजिनात आणखी एक खोड आहे. सिलिंडरांचे बिडाचे दोन ठोकळे, आणि त्यांची डोकी त्यांच्यातच ओतलेली. वेगळी निघत नाहीत. त्यामुळे डोके आणि ठोकळा यांच्यामधला सांधाच नाहीसा झाला. तेथून वायू फुटण्याची भीती गेली. पण दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, दोन आत घेणारे, एक बाहेर सोडणारा, एकंदर चोवीस. ते घासायचे झाले, की अख्खे ठोकळे उचलून काढावे लागतात. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले! आराखडा नुसता पाहून हे उमगत नाही. संध्याकाळी सात वाजता ठोकळा उचलताना कंबर धरली, की बुगाटीने कोणता सौदा केला होता, ते नेमके समजते.

राहिले अंगावरचे पत्र्याचे काम. हे मात्र घरी होते आणि यासारखा आनंद दुसऱ्या कशात नाही. आधी लाकडाच्या फळ्या आडव्या-उभ्या जोडून मोटारीच्या आकाराचा सांगाडा करतात. मग दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचा, सांगाड्यावर लावून पाहायचा, पुन्हा ठोकायचा. ठोकता ठोकता पत्रा कडक होतो. तसाच पुढे ठोकला तर चिरतो. तेव्हा तो तापवून मऊ करावा लागतो. पण ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. एकदम वितळून भोकच पडते. यावर जुन्या कारागिरांची एक साधी युक्ती आहे. पत्र्यावर कपडे धुण्याचा साबण घासायचा आणि मागून ज्योत फिरवायची. साबण काळपट झाला, की पत्रा पुरेसा तापला. ज्योत बाजूला घ्यायची.

पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिले असेल, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. तेथे धातू तांब्याची, येथे ॲल्युमिनियमची. पण तापवणे, ठोकणे, बोट फिरवून उंचवटा शोधणे आणि ठोक्याच्या आवाजावरून पत्रा कोठे सैल आहे ते ओळखणे, ही विद्या एकच. बंब घडवणाऱ्या हाताला बुगाटीची शेपटी घडवणे परके वाटणार नाही.

येथवर मी मुळाबरहुकूम, मुळाबरहुकूम असे घोकत आलो. पण इमानी असणे म्हणजे आंधळे असणे नव्हे. त्या काळी ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ॲस्बेस्टॉस नसलेल्या पट्ट्याच बसवायच्या. येथे मुळाचा हट्ट धरू नये. ओतीव चाकात डोळ्यांना न दिसणारी चीर किंवा पोकळी असू शकते. ती क्ष-किरणांनी तपासून घेण्याची सोय आज आहे, तिचा उपयोग करावा. स्टिअरिंगचे भाग आणि आस यांचीही चिरेसाठी तपासणी व्हावी. लक्षात ठेवा, या मोटारीचे ब्रेक तारेने ओढायचे आहेत, तिला छप्पर नाही, आणि मूळ मोटारीत पट्टा बांधायची सोय नव्हती. पत्र्याचे काम फसले तर पत्रा वाया जातो. येथे चुकले तर माणूस जातो. आणि घरी केलेली मोटार नोंदणी झाल्याशिवाय आपल्या देशात सार्वजनिक रस्त्यावर काढता येत नाही, हेही कामाला हात घालण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. समजा, मोटार पुरी झाली. जाणकारालाही सहजी फरक सांगता येऊ नये, इतकी हुबेहूब झाली. मग ती प्रतिकृती, की बनावट?

या प्रश्नावर १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात एक खटला चालला. मोटार होती बेंटलेची, ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध. तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे ती बदलली, तिच्यात मोठे इंजिन आले, आणि १९३२ साली ब्रुकलंड्सच्या मैदानावर झालेल्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. ती पुन्हा दुरुस्त झाली, पुन्हा बदलली. पुढे १ कोटी पौंडांना सौदा ठरला, तेव्हा खरेदीदार म्हणाला, हिच्यात शर्यत जिंकलेल्या मोटारीचे आता उरले आहे काय? मूळ भाग खरोखरच फार थोडे उरले होते. न्यायाधीशांनी निकाल दिला तो असा, की ही मोटार मूळ स्थितीतली आहे असे म्हणता येणार नाही. पण ती मध्ये कधी नाहीशी झालेली नाही. बदलत बदलत ती सलग चालत आली आहे, म्हणून हीच खरी ‘ओल्ड नंबर वन’. आपल्याकडे वाड्याची कौले बदलतात, तुळया बदलतात, भिंतीही नव्या होतात. तरी वाडा तोच असतो ना? तसेच हे.

यातून आपल्या घरच्या बुगाटीविषयी काय निघते? त्या बेंटलेपाशी जुने लोखंड नव्हते, पण तिचा इतिहास तिचा होता. आपल्या मोटारीचे सगळे माप बरोबर आहे, पण लियाँचा तो दिवस तिने पाहिलेला नाही. तो तिला उसना आणून देता येत नाही. मूळ मोटारीच्या सांगाड्यावर क्रमांक असतो. एखाद्या नाहीशा झालेल्या मोटारीचा क्रमांक शोधून काढायचा, तो आपल्या नव्या सांगाड्यावर ठोकायचा आणि गप्प बसायचे, हा मोह मोठा असतो, कारण त्या चार आकड्यांनी किंमत कित्येक पटींनी वाढते. पण त्या क्षणी इतक्या वर्षांचे प्रामाणिक काम खोटे होते. आकार तोच, धातू तीच, बसवलेली पट्टी तेवढी खोटी. आणि ती एक पट्टी सगळी मोटार खोटी करते. नुकसान एकट्या खरेदीदाराचे होत नाही. पुढे कोणी अभ्यासक त्या मोटारीला मूळ समजून तिची मापे घेईल, त्यावरून दुसरी करील, आणि आपण मघाशी पाहिलेली ती आकसण्याची क्रिया ज्ञानातही सुरू होईल.

म्हणून, कशाला हा खटाटोप, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: एका मोठ्या कारागिराने हे असे का केले, ते हाताने समजून घेण्यासाठी. पुस्तक वाचून आपण म्हणतो, आस पोकळ होता. आस घडवून आपण म्हणतो, पोकळ असणे भाग होते. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यासाठी माणूस आपल्या संध्याकाळी देतो. प्रत्येकाला बुगाटी जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. घरातले जुने शिवणयंत्र असेल, आजोबांचे घड्याळ असेल. त्याचा एखादा मोडका भाग मुळाबरहुकूम करून पाहा. तोच धडा तेथेही मिळेल.

आणि ज्याची मोटार खरोखरच पुरी होईल, त्याने एक काम शेवटी करावे. पितळेची एक लहानशी पट्टी घ्यावी. तिच्यावर स्वतःचे नाव, आपल्या गावाचे नाव आणि मोटार पुरी झाली ते साल कोरावे, आणि ती पट्टी सहज दिसेल अशा जागी स्क्रूने घट्ट बसवावी.